कंडक्टरबाई आणि हद्दीबाहेरचा प्रवासी

रोज सकाळी, चहाचं आधण ठेवायच्या आधी, कंडक्टरबाई गच्चीवर जायच्या. गच्चीच्या कोपऱ्यात एक लोखंडी खांब होता, खांबाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, आणि पेटीवर वाटी उपडी घालावी तसा काचेचा घुमट. घुमटाच्या आत कॅमेरा. डाव्या पंजानं खांबाची मान घट्ट धरायची, उजव्या हातात जुन्या गणवेशाच्या शर्टातून कापलेलं मऊ फडकं घ्यायचं, आणि दव, धूळ, एखाद्या कावळ्याची मेहेरबानी, जे काही असेल ते गोल गोल हात फिरवत पुसून काढायचं. काच लख्ख झाली की त्या तिच्यावर वाकायच्या आणि पेंगुळलेल्या प्रवाशाला विचारावं तशा आवाजात विचारायच्या, "बोला, कुठून?"

खाली स्वयंपाकघरात त्यांच्या भावजयीला हा प्रश्न रोज ऐकू यायचा. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, आणि कंडक्टरबाईही.

"मिळालं का उत्तर?" वहिनी खालून ओरडायची.

"मिळेल, मिळेल. आत गर्दी आहे," वरून आवाज यायचा.

मग जिन्यात चपला वाजायच्या आणि दिवस सुरू व्हायचा.

गल्लीच्या कंडक्टरबाई वहिनीच्या ताई होत्या. वहिनीचा नवरा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा ताई एक ट्रंक आणि एक उशी घेऊन, "आठवडाभर राहते" म्हणून आल्या, त्या राहिल्याच. अधूनमधून भाजी निवडता निवडता वहिनी विचारायची, "ताई, तुमचा आठवडा संपला का?"

"गाडी पंक्चर आहे," ताई म्हणायच्या. "दुसरी येईपर्यंत बसून राहायचं."

वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली शिंपीमामांचं दुकान. खिडकीतून समोरच बसचा थांबा दिसायचा. ताईंचं उभं आयुष्य बसमध्ये उभ्यानं गेलेलं. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटा दोरीसकट उपटून त्यांना भेट दिली. ताईंनी ती स्वयंपाकघराच्या दारावर टांगली. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. दूध उतू जायला लागलं की एक घंटा. भांडण मिटलं की दोन. ओढायची ती ताईंनीच. वहिनीनं घंटेला कधी हात लावला नव्हता. घरात बसचा कायदा चालवून घ्यायचा तो घ्यायचा, पण त्यावर सही करायची नाही, असं तिचं होतं.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र घंटेहून जुनी. नोकरीच्या अखेरच्या काळात, एकदा तिन्हीसांजेच्या फेरीला बस माळावरून चालली होती. अचानक समोरच्या काचेत आभाळ हिरवंगार झालं. पांढरा लोळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि विझला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. उभी माणसं बसलेल्यांच्या मांडीवर पडली. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे आलं कुठून?"

आणि सगळी बस ताईंकडे बघायला लागली. साहजिकच होतं. कोण कुठून आलं हे गाडीत एकाच माणसाला माहीत असतं.

"मला तेव्हा सांगता आलं नाही गं," ताई ही गोष्ट शंभराव्यांदा सांगतानाही तितक्याच ओशाळायच्या. "इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी म्हणते, 'बसून घ्या, बसून घ्या.'"

त्यामुळे निवृत्तीनंतर थांब्यावरच्या फळ्यावर वेधशाळेची सूचना दिसली तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि तडक फोन लावला. उल्का टिपणारे कॅमेरे बसवायला गच्च्या हव्या होत्या. शिकलेलं असण्याची अट नव्हती. गच्ची मोकळी हवी आणि काच पुसणारं माणूस नेमाचं हवं, एवढंच.

कॅमेरा बसवायला वेधशाळेतून एक बाई आल्या. उल्कांवर डॉक्टरेट मिळवलेल्या. त्या डॉक्टर आहेत हे कळल्यावर शिंपीमामा गुडघा दाखवायला वर आले आणि गुडघा घेऊन तसेच खाली गेले. डॉक्टरबाईंनी खांब गच्चीच्या फरशीवर बोल्टनं पक्का केला, तारा ओढल्या, आणि कठड्यावर बसून ताईंना समजावलं, की उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढा खडा. भयंकर वेगानं हवेत घुसतो आणि जळतो, म्हणून दिसतो. एकाच कॅमेऱ्यानं ती कुठे होती ते कळत नाही. शेजारच्या गावात एका बेकरीवाल्याच्या गच्चीवर दुसरा कॅमेरा आहे. दोघांना तीच उल्का दिसली, की दोन्हीकडून रेघा ओढायच्या. त्या जिथे मिळतात तिथे ती. मग तिचा वेग काढायचा आणि वेगावरून घर शोधायचं.

"आणि घर कुठे निघतं?"

"बहुतेक इथेच. धूमकेतू जाता जाता चुरा सांडतात. तो सूर्याभोवती फिरत असतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेनं."

"म्हणजे रोजचे पासवाले."

डॉक्टरबाई हसल्या. "पासवालेच. पण एखादा बाहेरचाही येत असावा. सूर्याच्या हद्दीबाहेरून, दुसऱ्या कुठल्या ताऱ्याकडून सुटलेला. त्याचा वेग इतका असतो, की सूर्य त्याला धरून ठेवूच शकत नाही. आपली हवा आडवी आली नाही तर तो सरळ निघून जाईल, पुन्हा कधी न येण्यासाठी."

"सापडलाय का कुणाला?"

"दावे पुष्कळ आहेत. तपासायला गेलं की बहुतेक मोजण्यातली चूक निघते. आपली पृथ्वीही धावतेय ना. तिचा वेग नीट वजा झाला नाही, दिशा जराशी चुकली, की घरचाच खडा बाहेरचा वाटायला लागतो."

"समोरून येणारी बस नेहमी जास्तच जोरात वाटते," ताई म्हणाल्या. "ते वजा करायचं, एवढंच ना?"

"एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या एवढंचमध्येच आमचं आयुष्य जातं."

त्या दिवसापासून ताईंना एकच ध्यास लागला. हद्दीबाहेरून बसलेला एक प्रवासी. एकच बास. त्या म्हाताऱ्याला नाही तर नाही, पण स्वतःला तरी सांगता यावं की हा बघा, हा आपल्यातला नाही, हा तिकडून आलाय.

कॅमेरा आपलं काम अंधारात एकटाच करायचा. ताई गाढ झोपायच्या, आणि सकाळी चहाचा कप घेऊन जमलेल्या चित्रांपुढे बसायच्या. पासवाले भरपूर असायचे. फुकटे त्याहून जास्त. विमानं, वटवाघळं, काजवे. एकदा तर घुबड येऊन घुमटावर बसलं आणि पडदाभर नुसती पिसं. ताईंनी तेही चित्र वेधशाळेला पाठवलं आणि खाली लिहिलं, "प्रवासी अंगानं भरलेला आहे. सामानाचं तिकीट लागेल."

शिंपीमामा रोज खालून विचारायचे, "आला का परगावचा?"

"गाडी उशिरा आहे," ताई खिडकीतून सांगायच्या.

गच्चीवर तसे दोघींचेही हक्क होते. कोपरा कॅमेऱ्याचा, बाकीची गच्ची वाळवणाच्या दोरीची. दोरीचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या नळाला, दुसरं समोरच्या कठड्यातल्या आकड्याला. एके दिवशी आकडा भिंतीतून निसटला, मुठीएवढा गिलावा घेऊन. "उद्या ठोकते," ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही त्या तेच म्हणाल्या, आणि मग ते त्यांच्या तोंडातच बसलं.

रोजचे कपडे खिडकीतल्या दांडीवर व्हायचे. प्रश्न चादरींचा होता. वहिनीनं थोडे दिवस वाट पाहिली. मग एकदा ताई दुपारी थांब्यावर जुन्या मंडळींशी गप्पा मारायला गेल्या, तेव्हा तिनं दोरीचं मोकळं टोक सरळ कॅमेऱ्याच्या खांबाला बांधलं. लोखंडी खांब, फरशीवर पक्का बसवलेला, त्याला काय होतंय? ऊन उतरायच्या आत चादरी काढायच्या, दोरी सोडायची, झालं. कॅमेरा रात्रीचा, चादरी दिवसाच्या. दोघांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. पुढे दर वेळी चादरी धुतल्या की तिनं तेच केलं. सांगितलं मात्र नाही. कारण सांगितलं असतं तर ताईंनी आकडा ठोकायच्या ऐवजी भाषण दिलं असतं.

आणि मग ती सकाळ आली.

ताई नुकत्याच काच पुसून खाली आल्या होत्या. वहिनी कप विसळत होती. फोन वाजला. ताई फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायच्या, बसमध्ये राहून त्यांना हळू ऐकू येईनासं झालं होतं.

"ताई, बसला आहात ना?" डॉक्टरबाईंचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "काल तुमच्याकडे एक वेगवान उल्का दिसली. बेकरीकडेही दिसली. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. वेग मर्यादेच्या वर जातोय. चांगलाच वर."

ताई उठून उभ्या राहिल्या.

"म्हणजे बाहेरचा?"

"आकडे तरी तसंच म्हणतायत. उद्या सगळ्यांना कळवायचं ठरतंय. एकच विचारते. कॅमेरा हलला नाही ना? केसभर जरी कलला तरी सगळं गणित फिरतं."

"कोण हलवणार? अहो, मी रोज सकाळी त्याची मान हातात धरते. हलला असता तर माझ्या हाताला कळलं असतं."

वहिनीच्या हातातला कप तसाच राहिला. पलंगावर कालच्या चादरी घडी करून ठेवल्या होत्या. निळ्या, डबल पलंगाच्या, भिजल्या की दोघींना मिळून पिळाव्या लागायच्या तशा.

ताईंनी घंटेची दोरी ओढली. टण टण! खाली शिलाईचं यंत्र थांबलं आणि शिंपीमामा गळ्यातल्या टेपसकट धापा टाकत वर आले.

"आला?"

"आला!" ताईंनी दोन्ही हात पसरले. "परगावचा नाही हो, परताऱ्याचा!"

मग काही विचारू नका. थांब्यावरची मंडळी आली. एका ड्रायव्हरनं गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवला. ताईंनी ती माळावरची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी शेवटी ओशाळल्या नाहीत. बेकरीवाल्याचा फोन आला की कॅमेरा माझाही आहे, आनंद अर्धा माझा, दुपारच्या बसनं केक पाठवतोय. वहिनी सगळ्यांना चहा देत होती आणि प्रत्येक कपाबरोबर ठरवत होती की आता सांगते. पण ताईंच्या तोंडाकडे बघितलं की पुढचा कप भरायला वळायची. इतक्या वर्षांत तिनं ताईंना खूप हसताना पाहिलं होतं. हे हसणं वेगळं होतं. उन्हात वाळून कडक झालेला कपडा झटकावा आणि त्याची सुरकुतीच जावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आणि दुसरीकडे तिला हेही दिसत होतं, की उद्या ही बातमी जगभर जाईल, परवा कुणीतरी ती तपासेल, आणि तेरवा ताईंना पुन्हा एकदा सगळ्या बससमोर उत्तर देता येणार नाही.

दुपारी केक आला. ड्रायव्हरनं तो मांडीवर घेऊन आणला होता म्हणे. बेकरीवाल्यानं उल्केचा आकार द्यायचा प्रयत्न केला होता, पण तो थेट मुळ्यासारखा दिसत होता, पाल्यासकट. ताईंनी सुरी उचलली.

"ताई, केक कापू नका," वहिनी म्हणाली.

"का गं? आधी फोटो काढायचाय?"

"काल मी चादरी तुमच्या खांबाला बांधून वाळत घातल्या होत्या."

शिंपीमामा केककडे असं निरखून बघायला लागले, जणू त्याचं माप घ्यायचं होतं.

"कुठल्या चादरी?"

"त्या मोठ्या. निळ्या."

"ओल्या?"

"नाही, इस्त्री करून वाळत घातल्या! ओल्याच असणार ना, ताई."

"पण माझ्या खांबाला?"

"मग कुठे? आकडा ठोका, आकडा ठोका म्हणून माझं तोंड दुखलं."

"उद्या ठोकणार होते," ताई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि गच्चीवर गेल्या. वहिनी मागोमाग गेली. ताईंनी खांबाला हात घातला आणि दोरी ओढेल त्या बाजूला ओढून पाहिलं. खांब केसभर कलला आणि तसाच राहिला. बुडाचा बोल्ट ढिला झाला होता. मग त्यांनी रोजच्यासारखी डाव्या हातानं त्याची मान धरली. टक्. खांब सरळ.

दोघींच्या एकदमच लक्षात आलं. वहिनीच्या चादरी दुपारी त्याला वाकवायच्या, रात्रभर तो वाकड्या मानेनं आभाळ बघायचा, आणि सकाळी ताईच त्याला नकळत सरळ करायच्या. म्हणून दिवसाउजेडी तो कधी वाकडा सापडलाच नव्हता.

"अगं, आपण दोघींनी मिळून त्याला वेडं केलंय," ताई म्हणाल्या.

खाली येऊन त्यांनी एकदाच घंटा ओढली. टण. मग स्वतःच फोन लावला. "डॉक्टरबाई, तो प्रवासी जरा थांबवून ठेवा. आमच्याकडे चादरीचा घोटाळा झालाय."

पलीकडून आलं, "कसला?"

डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी बसनंच आल्या. बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या हुकमावरून निळी चादर पुन्हा बादलीत बुडवली, दोघींनी अर्धवट पिळली, दोरीवर टाकली. ओझ्यानं खांब हळूच झुकला, लांबच्या प्रवासात शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टेकणाऱ्या माणसासारखा. डॉक्टरबाई कठड्यावर बसून हसत सुटल्या. "मी चुकांवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "त्यात चादर नाही."

मग त्यांनी समजावलं. डोळा चळला की अंतर चुकतं, अंतर चुकलं की वेग चुकतो. मागल्या अमावस्येला कॅमेऱ्यासाठी ताऱ्यांचा नकाशा केला होता, तो सरळ खांबाचा. पण त्या रात्रीच्या चित्रातही तारे आहेतच. ते कुठे सरकलेत ते बघितलं की खांब किती कलला होता ते कळेल, आणि त्याप्रमाणे रेघ पुन्हा ओढता येईल.

त्यांनी तिथेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ताई समोर बसल्या. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली. तिला पडद्याकडे बघवेना. डॉक्टरबाईंची बोटं थांबली तेव्हा तिला उत्तर न सांगताच कळलं.

"पासवालाच, ताई," डॉक्टरबाई हलकेच म्हणाल्या. "जोरात होता, पण इथलाच."

"असू दे," ताई म्हणाल्या. "इथला म्हणून काय झालं? आला तर आहे ना भेटायला." त्यांनी मुळ्याचा, म्हणजे उल्केचा, शेपटीकडचा तुकडा कापून डॉक्टरबाईंना दिला, आणि एक वहिनीच्या हातात ठेवला. केक एका रात्रीत जरा घट्ट झाला होता, पण सगळ्यांनी आवडीनं खाल्ला.

निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "वहिनी, हे कधीपासून चाललंय?"

"आकडा पडल्यापासून."

"दर वेळी?"

"दर चादरीला."

"मग तेवढ्या सगळ्या रात्री पुन्हा मांडाव्या लागणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. कपाळाला हात लावला, पण चेहऱ्यावर कंटाळा नव्हता.

त्या संध्याकाळी ताई खिडकीत बसून राहिल्या. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. शिंपीमामांनी खालून काही विचारलं नाही. वहिनीनं दिवा लावला, ताटं मांडली, दोघी जेवल्या. मीठ कमी होतं, तरी ताई काही बोलल्या नाहीत. वहिनीला ते फार लागलं.

सकाळी ती ताईंच्या आधी उठली आणि आधण न ठेवता तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं चपला वाजल्या. जिना. गच्चीचं दार. मग काहीच नाही. पुसायला लागतो त्याहून जास्त वेळ गेला. वहिनीनं नळ बंद केला, थेंबाचाही आवाज नको म्हणून.

"बोला, कुठून?" वरून आलं.

वहिनीनं गॅस पेटवला. "मिळालं का उत्तर?" ती ओरडली, आणि तिचा आवाज मध्येच फुटला.

"नाही. आणि आज मीठ नीट घाल गं!"

त्याच दुपारी ताईंनी बोल्ट आवळला आणि आकडा ठोकला. वाकडाच ठोकला. "दोरी धरतो ना?" त्या म्हणाल्या. "मग त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही."

पुढे बरेच दिवस गेले. चादरी आकड्यावर वाळल्या, पासवाले येत राहिले. एका सकाळी चहाच्या वेळी फोन वाजला. या वेळी डॉक्टरबाईंनी ताईंना बाजूला ठेवून भलताच प्रश्न विचारला.

"वहिनी आहेत का? वहिनी, थंडी संपताना कधी तुम्ही चादरींबरोबर आणखी काही जड धुतलं होतं?"

वहिनी गोंधळली. "पडदे धुतले होते. पाहुणे येणार होते म्हणून."

"पाहुणे आले," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताईंनी कप खाली ठेवला.

डॉक्टरबाई सावकाश सांगत गेल्या. चादरीच्या त्या सगळ्या रात्री त्यांनी ताऱ्यांवरून सरळ करून पुन्हा मांडल्या. पडद्यांच्या रात्री खांब सगळ्यात जास्त कलला होता. त्या रात्रीची एक उल्का त्यांनी तेव्हाच पासवाल्यांत टाकून दिली होती, वेग अगदी साधा होता. आता खांब सरळ धरून मोजलं तर तीच उल्का मर्यादेच्या पलीकडे जाते. ती बेकरीच्या कॅमेऱ्यात आहे, आणि आणखी एका तिसऱ्या कॅमेऱ्यातही आहे. तिघांचं जुळतंय. होतील तेवढ्या सगळ्या चुका धरून पाहिल्या, तरी ती अलीकडे येत नाही.

"म्हणजे एकाला माझ्या चादरीनं उगाच परका केला," वहिनी हळूहळू म्हणाली, "आणि खऱ्या परक्याला पडद्याआड लपवला?"

"अगदी बरोबर. तुम्ही त्या दिवशी केक अडवला नसता तर मी त्या रात्री उघडल्याच नसत्या. पण मी शंभर टक्के म्हणणार नाही हं, ताई. यादीत 'बाहेरचा असू शकतो' असं जाईल. पुढे प्रश्नचिन्ह."

"जाऊ दे प्रश्नचिन्ह," ताई म्हणाल्या. "शंभर टक्के कुणाचंच नसतं. माणूस सांगतो एक थांबा आणि उतरतो भलत्याच ठिकाणी. आपण फक्त नीट विचारायचं." मग त्यांनी विचारलं, "केवढा होता हो?"

"वाळूच्या कणाएवढा."

ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. थांब्यावर बस लागली होती, माणसं चढत होती. कुठल्याशा ताऱ्याच्या अंगणातून उडालेला एक कण. माणूस जन्माला यायच्या आधीपासून वाटेवर असलेला. वाटेत कुठे थांबा नाही, सोबत नाही. आणि उतरला तो इथे, पडद्यांची ओल अजून न सुकलेल्या गच्चीवर, निमिषभर उजेड पाडून. त्याची वाट बघणारं माणूस तेव्हा खाली घोरत होतं. ताईंचे डोळे भरून आले आणि त्या हसतही होत्या. घंटेकडे जायचं त्यांना सुचलंच नाही.

वहिनीनं ओले हात पदराला पुसले, दाराशी गेली, आणि दोरी दोनदा ओढली.

टण टण!

खाली शिलाईचं यंत्र थांबलं.

ती उल्का यादीत आहे, प्रश्नचिन्हासकट. ताईंनी ते चित्र छापून घेतलं नाही, की भिंतीवर लावलं नाही. थांब्यावर नवीन कुणी भेटलं तर मात्र माळावरच्या गोष्टीपासून सुरुवात करून पडद्यांपर्यंत सगळं सांगायच्या, आणि शेवटी वहिनीकडे हात करायच्या, "ही आमची धुलाई विभागप्रमुख."

वर्षं गेली तसे ताईंचे गुडघे जिन्याला कुरकुरायला लागले. काच पुसायचं काम वहिनीकडे आलं. ताई खिडकीतल्या खुर्चीत बसून जिन्याच्या दिशेनं कान लावायच्या आणि ओरडायच्या, "मान धरलीस का? विचारलंस का?" सुरुवातीला वहिनीला काचेशी बोलायची लाज वाटायची. ती पुटपुटायची. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे," ताई बजावायच्या. मग तिचाही आवाज मोकळा झाला.

ताईंचा तो शेवटचा दिवस अगदी रोजच्यासारखाच उजाडला होता. दुपारी जेवण करून त्या खुर्चीत डुलकी घ्यायला बसल्या, आणि समोर बस येऊन उभी राहिली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण सकाळी सगळं नेहमीचं होतं. हवा स्वच्छ होती, दव भरपूर पडलं होतं, आणि घुमट पुसायला वहिनीला जरा वेळ लागला. तिनं खांबाची मान धरली, काचेवर वाकली, आणि मागच्या बाकापर्यंत जाईल असं विचारलं, "बोला, कुठून?"

खालून ताईंनी हाक दिली, "फडकं वाळत घालून ये गं, चहा निवतोय."